दादांच्या गाडीचं भाडं

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. आजवर त्यांनी शेकडो लोकांना रस्त्यावर आणलं, असं ते स्वतःच सांगायचे आणि वर 'चांगल्या अर्थाने' असं जोडायचे. शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतो. त्या दुसऱ्या पेडलांवर पाय ठेवून त्यांचा जन्म गेला होता. त्यामुळे घरी जेवायला बसले तरी कुणी पाण्याचा तांब्या खसकन ओढला की टेबलाखाली मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. झोपेतही दाबला जायचा. सकाळी बायको विचारायची, "रात्री कुणाला वाचवत होतात?"

तर असा हा ब्रेकवर जगणारा माणूस, आणि त्यालाच मागून धडक बसली. शिकायला बेकरीवाला होता. पन्नाशीचा, धिप्पाड, आणि स्टीअरिंग हातात आलं की देवाचं नाव घेणारा. त्या दिवशी लाल दिव्याला त्याने आयुष्यात पहिल्यांदा गाडी नीट थांबवली. हँडब्रेक ओढला, गियर काढला, मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी 'शाबास' म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागून फर्निचरच्या दुकानाची व्हॅन येऊन आदळली. मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते, पण मागच्याच्या ब्रेकवर त्यांचा पाय नव्हता. कुणाला खरचटलंही नाही. बेकरीवाला मात्र त्यानंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की माझी काही चूक नव्हती हो, मी तर थांबलो होतो.

व्हॅनवाल्याने जागेवर कबूल केलं की तो फोनमध्ये बघत होता. चूक कबूल, साक्षीदार हजर, म्हणजे पैसे आता चार दिवसांत हातात, असं ज्याला वाटेल त्याने विम्याच्या कंपनीला कधी फोन केलेला नसावा. मास्तरांना तसंच वाटलं होतं.

गाडी गॅरेजमध्ये गेली आणि तिथेच राहिली. डिकी सरळ झाली, पण धडकेच्या वेळी मास्तरांनी सगळा जोर लावून दाबल्याने दुसऱ्या पेडलांचा दांडा वाकला होता आणि तो सुटा भाग कुठूनतरी लांबून यायचा होता. रोज गॅरेजवाला म्हणायचा, "निघालाय तिकडून." साध्या गाडीत शिकवता येत नाही. दुसरी पेडलं असलेली गाडी भाड्याने देणारी गावात एकच फर्म होती आणि त्यांचा रोजचा दर ऐकून मास्तर फोन ठेवायचंही विसरले. आता नियम असा आहे की तुमची गाडी दुसऱ्याच्या चुकीने मोडली, तर ती दुरुस्त होईपर्यंत तुम्ही जी पर्यायी गाडी घ्याल, तिचं वाजवी भाडं त्या दुसऱ्याच्या विमा कंपनीने भरायचं. या 'वाजवी' शब्दाने पुढे मास्तरांचा जीव अर्धा केला.

मार्ग बायकोने काढला.

"दादाची गाडी घ्या ना. उभीच आहे."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, आणि मास्तरांचेही मास्तर. हा धंदा मास्तर दादांच्याच शेजारी बसून शिकले, आणि रोज घरी येता-जाता दादांची बहीण दिसली म्हणून लग्नही तिथेच जमलं. लग्नानंतर दादा चारचौघांत त्यांना 'जावईबुवा' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. गाडीत बसले की मात्र पुन्हा 'तू'. दोन वर्षांपूर्वी दादांनी आपला क्लास बंद केला. गुडघे दुखतात म्हणाले. वहिनी गेल्यापासून एकटेच असत. त्यांची गाडी घराशेजारच्या शेडमध्ये कापड पांघरून उभी होती. दर रविवारी तिला आंघोळ असायची.

"दादा देतील," मास्तर म्हणाले, "पण फुकट देतील."

"तेच तर नको आहे मला." बायको खुर्ची ओढून समोर बसली. "त्याचे गुडघे ठणठणीत आहेत. डोळे गेलेत. एक जवळजवळ संपला, दुसरा चाललाय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन आत्ताच करा, नंतर केलंत तर गेलेलं परत येणार नाही. पैसे नाहीत, हे तो सांगत नाही. सांगतो काय, तर बघू पुढच्या वर्षी."

"आपण देऊ की."

"कुठून? आणि घेईल तो? गेल्या वर्षी मी पाकीट ठेवून आले तर दुसऱ्या दिवशी तेच पाकीट मिठाईच्या डब्यात घालून परत पाठवलं. मोडेल पण वाकणार नाही. पण भाडं म्हणजे त्याच्या गाडीची कमाई. ती कमाई त्याला घ्यावी लागेल. फर्मच्या निम्मा दर लावू. कंपनीचा फायदा, आपलं काम, त्याचे डोळे."

हिशोब इतका सरळ होता की त्यातच काहीतरी चुकणार हे मास्तरांनी ओळखायला हवं होतं. बायकोने रीतसर करार लिहिला, दर घातला, कंपनीकडून पैसे आले की किंवा फार तर वर्षाच्या आत पूर्ण भाडं द्यायचं असं घातलं, आणि भावाकडे जाऊन सही घेऊन आली. दादांनी सही केली ती रेघेवर नाही, रेघ सोडून तिरकी वर गेली.

"वाचलं का त्यांनी?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणाला, तू लिहिलंयस ना, मग काय वाचायचं. चष्मा सापडत नाही म्हणाला. चष्मा डोळ्यांवरच होता."

मग दोन महिने मास्तरांनी दादांच्या गाडीत लोकांना शिकवलं. जुनी पण गोड गाडी. स्टीअरिंगवर दादांच्या हातांच्या जागा गुळगुळीत झालेल्या. बेकरीवाला त्याच गाडीत पास झाला आणि मास्तरांना केक देऊन गेला. शेवटी सुटा भाग आला, आपली गाडी घरी आली, दादांची धुऊन परत शेडमध्ये गेली. दुरुस्तीचे पैसे कंपनीने दिले. भाड्याचं मात्र घोडं अडलं.

फोन केला की आधी संगीत लागायचं. संगीत संपलं की नवीन माणूस. नवीन माणसाला अपघात पहिल्यापासून सांगायचा. तो म्हणायचा, फाइल दुसऱ्या विभागाकडे आहे, जोडून देतो. पुन्हा संगीत. मास्तर फोन टेबलावर ठेवून दाढी करायचे, चहा घ्यायचे, त्यांना ते सूर तोंडपाठ झाले होते. एकदा विचारलं, गाडी खरंच लागत होती का? एकदा विचारलं, बसने शिकवता आलं नसतं का? 'भीक नको पण कुत्रं आवर' असं मास्तरांना कितीदा वाटलं. पण ही भीक नव्हती, आणि स्वतःसाठी तर नव्हतीच. बायको रोज संध्याकाळी काही न विचारता त्यांच्याकडे बघायची. त्या बघण्याने ते जास्त दमायचे.

शेवटी कंपनीचं म्हणणं कळलं. गाडी नातेवाइकाची आहे, तेव्हा हे भाडं खरं आहे का, याची चौकशी होईल. म्हणजे परक्याने लुबाडलं असतं तर तो खर्च, आणि घरच्याने निम्म्या दरात दिलं तर तो संशय. आहे की नाही गंमत!

चौकशीला दादांच्या घरी आलेली बाई तरुण होती, शांत होती, आणि बूट दाराबाहेर काढू का, असं विचारून आत आली. दादांना ती तिथेच आवडली. त्यांनी स्वतः चहा केला. कपात ओतताना बोट कपाच्या आत धरून ठेवलं होतं. चहा बोटाला लागला की ते थांबत होते. मास्तरांनी ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाईने कागद पुढे ठेवले. "ही गाडी तुम्ही यांना भाड्याने दिली होती?"

साधा प्रश्न. साधं उत्तर. हो म्हणायचं आणि चहा प्यायचा. पण दादा ताठ झाले. समोर अनोळखी मुलगी, हातात पेन, आणि ती विचारतेय, बहिणीला गाडी पैसे घेऊन वापरायला दिलीत का?

"भाड्याने?" दादा हसले. "अहो ताई, सख्ख्या बहिणीचा संसार आहे तो. तिच्या घरून भाडं घेणारा वाटलो का मी तुम्हाला?"

"म्हणजे तुम्ही पैसे मागितले नव्हते?"

"मागितले? जीभ झडेल माझी! जावईबुवांना विचारा. गाडी त्यांचीच आहे म्हणून दिली. वर्षभर ठेवली असती तरी चकार शब्द काढला नसता."

टेबलाखाली मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. पूर्ण जोर लावून. खाली नुसती फरशी होती.

बाईने लिहिणं थांबवलं. तिलाही बहुधा कळलं होतं की काहीतरी घडतंय. "तुम्हाला काही सांगायचंय?" तिने मास्तरांना विचारलं. "करार तर आहे इथे."

सांगायचं होतं. 'दादा, सही तुमची आहे, भाडं ठरलंय, हे तुमच्या डोळ्यांचे पैसे आहेत.' पण ज्याने आपल्याला पहिला गियर टाकायला शिकवला, त्याला त्याच्याच घरात, त्याचाच चहा पिताना, परक्या मुलीसमोर खोटं पाडायचं? मास्तर म्हणाले, "नाही. दादा म्हणतात ते बरोबर आहे."

पत्र आलं. प्रत्यक्ष देणं नसल्यामुळे भाड्याची रक्कम मंजूर करता येत नाही.

"तुम्ही गप्प का बसलात?" बायकोने विचारलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझा भाऊ बोलत होता."

"शिकायला आलेला माणूस भिंतीवर गाडी घालायला लागला तर गप्प बसता?"

"तो शिकाऊ असतो. हे दादा आहेत."

"मग भिंत वेगळी असते का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष द्यायचा कुणाला? बायको भावावर चिडली, नवऱ्यावर चिडली, मग मोरीत जाऊन भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "फेरविचाराची मागणी करता येते, पत्रात खाली लिहिलंय. मी केलीय. तुम्ही दोघांनी कंपनीच्या ऑफिसात जायचंय. दादाला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मी रडेन, आणि मी रडले की तो कशालाही हो म्हणेल. मला तसं हो नकोय."

मास्तर गेले. दादा अंगणात पाइप घेऊन गाडी धूत होते. अर्धं पाणी गाडीवर, अर्धं भिंतीवर.

"येईन की," दादा म्हणाले. "पण खोटं बोलणार नाही."

"खोटं नाही दादा. करारावर तुमची सही आहे."

"सही केली असेल. वाचलं नव्हतं."

"का नाही वाचलं?"

दादांनी पाइप दुसऱ्या हातात घेतला. "चाकं राहिलीत," म्हणाले आणि वाकले. घरी जाताना त्यांना एवढंच वाटत होतं की आता हे सगळं एकदा संपावं, मिळो न मिळो.

ठरलेल्या सकाळी दादा इस्त्रीच्या शर्टात तयार होते. किल्ली हातात. "मी चालवतो. दोन महिने तुझ्याकडे होती, क्लच कुठे नेऊन ठेवलायस ते बघू दे." गाडीजवळ आले की 'तू'. मास्तर नाही म्हणू शकले असते. त्याऐवजी ते शेजारच्या सीटवर बसले आणि पाय दुसऱ्या पेडलांवर ठेवला. निदान इथे पेडल तरी होतं.

दादांनी गाडी अशी काढली की बाजूला पाण्याने भरलेला पेला ठेवला असता तरी सांडला नसता. वळणं हातांना पाठ होती. गिरणीपाशी गियर कमी, पुलापाशी जास्त. मास्तरांना क्षणभर वाटलं, बायको उगाच घाबरते. दादा गप्पाही मारायला लागले. "शिकवताना पाय तयार ठेवायचा, पण दाबायचा नाही. तू दाबलास की त्याला कळतं, आपल्याला जमत नाही. मग तो कधीच शिकत नाही. काय सांगितलं होतं तुला?"

"हेच सांगितलं होतं."

दवाखान्याच्या पुढे रस्ता ओलांडायचे पट्टे नव्याने मारले होते. पूर्वी ते तिथे नव्हते. करड्या कोटातली एक बाई बाबागाडी ढकलत पट्ट्यांवर उतरली. मास्तरांनी वाट पाहिली. दादा थांबतील, आता थांबतील. दादा क्लचबद्दल बोलत होते. गाडीचा वेग तसाच होता.

मास्तरांनी ब्रेक दाबला, मुळापर्यंत.

गाडी पट्ट्यांच्या अलीकडे गचकन थांबली. बाईने वळून पाहिलं, चालवणाऱ्याकडे हात हलवून आभार मानले, आणि बाबागाडी घेऊन पलीकडे गेली.

"का दाबलास?" दादांनी विचारलं.

मास्तरांचा पाय अजून ब्रेकवरच होता.

दादांचे हात स्टीअरिंगवर होते. ते समोर बघत होते, म्हणजे तोंड समोर होतं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोण होतं?"

"एक बाई होती. बाबागाडी घेऊन."

"बाबागाडीत..."

"हो. होतं."

मागून हॉर्न वाजला. दादांनी दिवा दाखवला, गाडी व्यवस्थित कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, गियर काढला. बेकरीवाल्यासारखं सगळं नियमाने. मग किल्ली काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवली. दोघं खाली उतरले आणि बाजू बदलल्या. जाताना दादांनी बॉनेटवर हात ठेवत ठेवत वळसा घेतला. तिथून ऑफिसपर्यंत गाडी मास्तरांनी नेली. मास्तरांना चालवायचं असल्यामुळे रडताही येत नव्हतं.

ऑफिसात तीच बाई होती. या वेळी चहा तिने मागवला. प्रश्न तोच होता.

"भाडं घेतो," दादा म्हणाले. "बहिणीकडून भाडं घेतो. लिहा."

बाईने पेन उचललं नाही. "मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतंत. ते का बदललं, हे मला विचारावं लागेल."

"मागच्या वेळी मला वाटत होतं, मला दिसतंय."

तिला कळलं नाही. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. या वेळी गप्प बसायचं नाही, एवढं ते ठरवूनच आले होते. "भाडं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. करार माझ्या बायकोने लिहिला, माझ्यासमोर. फर्मच्या निम्म्या दराने. मी देणं लागतो आणि मी ते देणार आहे, तुम्ही दिलंत तरी आणि नाही दिलंत तरी. पण तुम्ही नाही दिलंत तर मला उशीर होईल, आणि यांच्या डोळ्यांना उशीर चालणार नाही."

"माझ्या डोळ्यांचं यांना काय करायचंय?" दादा पुटपुटले, पण त्यात पूर्वीचा ताठा नव्हता. मग बाईकडे वळून म्हणाले, "तुम्ही परक्या आहात ताई, म्हणून तुमच्यासमोर मोठेपणा केला. घरच्यांसमोर करायला आता काही शिल्लक नाही. ती गाडी मी यापुढे चालवणार नाही. तेही लिहायचं असेल तर लिहा."

"ते लिहायची गरज नाही," बाई म्हणाली. थोडा वेळ ती करार चाळत राहिली. "देणं खरं आहे आणि दरही कमीच आहे. थोडी कापाकापी होईल, गाडी दुरुस्त झाल्यानंतरचे दिवस धरणार नाहीत. पण बाकीचं मिळेल. मी तसं लिहिते."

तिने जबाब छापून आणला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि सहीसाठी पुढे केला. दादांनी पेन घेतलं आणि कागदावर हात तसाच अधांतरी ठेवला. "बोट ठेव," ते म्हणाले. चारचौघांत, 'तू'. मास्तरांनी रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं. दादांनी त्या बोटाला पेन टेकवलं आणि तिथून सही केली. या वेळी ती सरळ आली.

परत येताना मास्तरच चालवत होते. दादा शेजारी, दुसऱ्या पेडलांवर पाय ठेवून, कितीतरी वर्षं बसत आले होते तसे. आणि ते ब्रेक दाबत होते. झाडाची सावली आली की दाबत, समोर काही हललं की दाबत, काही नसताना दाबत. गाडी रस्ताभर ठेचकाळत चालली होती. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. मास्तरांनी दादांना एकदाही पाय काढा म्हटलं नाही.

दवाखान्यापाशी ते नवे पट्टे आले. या वेळी पट्ट्यांवर कुणी नव्हतं. पलीकडच्या चौकातला दिवाही हिरवा होता. गाडी जागच्या जागी थांबली.

"दादा, हिरवा आहे," मास्तर म्हणाले.

"माहितीये," दादा म्हणाले. "पण कुणी येत असेल."

मास्तरांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणीही येत नव्हतं. ते तसेच बसून राहिले, दादांनी पाय उचलेपर्यंत.